पिवळा पक्षी आणि पांढरी डबी

एमिल झोला हा फ्रेंच कादंबरीकार आपल्याकडच्या वाचकांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असतो. एक म्हणजे १८८५ साली आलेली ‘जर्मिनल’, कोळसा खाणीतल्या मजुरांच्या हालांची कादंबरी. दुसरी म्हणजे १८९८ साली कॅप्टन ड्रेफस या निरपराध ज्यू अधिकाऱ्याच्या बाजूनं त्यानं लिहिलेलं खुलं पत्र. त्याचा मृत्यू कसा झाला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१९०२ च्या सप्टेंबरची २८ तारीख. झोला पती-पत्नी उन्हाळा संपवून पॅरिसच्या घरी परतले होते. घर बरेच दिवस बंद, हवेत गारठा, म्हणून झोपण्याच्या खोलीतली कोळशाची शेगडी पेटवली होती. रात्री दोघांनाही अस्वस्थ वाटू लागलं. बाईंना मळमळत होतं, डोकं दुखत होतं. नोकरांना उठवावं असं त्यांच्या मनात होतं. झोला नको म्हणाला. एवढ्यासाठी त्यांची झोपमोड कशाला? तो खिडकी उघडायला उठला आणि जमिनीवर कोसळला. सकाळी दार उघडलं तेव्हा तो संपला होता. पलंगावर राहिलेल्या बाई वाचल्या. धुराडं तुंबलं होतं आणि कोळशाचा विषारी वायू खोलीत साचला होता. पुढे चौकशीत त्याच खोलीत पुन्हा शेगडी पेटवून छोटे प्राणी रात्रभर ठेवून पाहिले, तर ते जगले! निकाल मात्र ‘अपघात’ असाच लागला. धुराडं कुणी वैरानं बुजवलं होतं, असं १९५३ साली एका फ्रेंच वृत्तपत्रानं छापलं. सिद्ध काहीच झालं नाही.

कोळशावर एवढं मोठं पुस्तक लिहिणारा माणूस घरातल्या मूठभर कोळशानं गेला. कवी असल्यामुळे मला यात लगेच रूपक दिसू लागतं, पण आज रूपकाच्या मागे जायचं नाही. आजचा विषय भिंतीवर लावायच्या एका पांढऱ्या डबीचा आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस या विषयाकडे कसा वळलो, ते पुढे येईलच. आधी त्या वायूची ओळख करून घेऊ.

लाकूड, कोळसा, रॉकेल, पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, काहीही जाळा. हवा पुरेशी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा कमी पडली की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड जन्माला येतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, हे शाळेत शिकलेलं असतं. हा पाहुणा त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे गाडी सुरू आहे, डबेही आहेत, पण सगळ्या जागा भलत्याच प्रवाशांनी अडवलेल्या. छाती वर-खाली होत असते, हवाही आत जात असते आणि तरी माणूस आतून गुदमरत असतो. क्लॉद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५० च्या दशकात हे रक्ताचं कोडं उलगडायला सुरुवात केली. पण त्याला माणसांच्या उपयोगी लावलं ते जॉन स्कॉट हाल्डेन या स्कॉटिश माणसानं.

हाल्डेन मोठा विलक्षण गृहस्थ. त्याच्या घराण्याचं ब्रीदवाक्य एकाच शब्दाचं होतं, त्याचा अर्थ ‘सोस’. आणि तो खरोखर सोशीत असे. प्रयोगशाळेत बसून तो स्वतः हा वायू मोजून-मापून हुंगायचा, मध्येच बोट टोचून रक्ताचा थेंब तपासायचा आणि आपल्याला काय होतंय ते लिहून ठेवायचा. रक्तातलं निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन वायूनं व्यापेपर्यंत त्यानं हा प्रकार चालवला. तोपर्यंत त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. हे सारं १८९५ च्या सुमाराचं.

पुढच्याच वर्षी, २७ जानेवारी १८९६ रोजी, वेल्समधल्या टायलर्सटाउन इथल्या खाणीत स्फोट झाला. ५७ माणसं गेली. हाल्डेन तिथं पोचला, खाणीत उतरला, मृतदेह पाहिले, रक्ताचे नमुने घेतले. सगळ्यांचा समज असा की माणसं स्फोटाच्या धक्क्यानं आणि आगीनं मेली. हाल्डेनला दिसलं ते वेगळंच. अनेकांच्या अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही, उलट कातडी गुलाबी. कारण हा वायू चिकटलेलं रक्त लालबुंद दिसतं. बहुसंख्य माणसं स्फोटातून वाचली होती. नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं त्यांना गाठलं होतं. म्हणजे वेळेवर सूचना मिळती तर त्यातले काही तरी चालत बाहेर येऊ शकले असते. त्याच वर्षी सरकारला दिलेल्या अहवालात त्यानं हे सगळं मांडलं.

सूचना देणार कोण? हाल्डेननं आधी उंदीर सुचवला, मग छोटा पक्षी. कारण साधं आहे. जीव जेवढा लहान तेवढा त्याचा श्वास आणि रक्ताभिसरण वेगवान, म्हणून विष त्याला माणसाच्या कित्येक पट लवकर चढतं. उंदीर नुसता मुटकुळं करून बसला तरी अंधारात कळत नाही. कॅनरी मात्र दांडीवरून खाली पडतो, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडातही दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रिटनच्या खाणींत पिंजऱ्यातले पिवळे कॅनरी उतरू लागले.

उर्दू-फारसी कवितेत पिंजरा आणि पक्षी यांना तोटा नाही. आमच्याकडे त्या पिंजऱ्याला कफस म्हणतात. त्यात बुलबुल असतो, तो बागेसाठी झुरतो, आणि शायर त्याच्या जागी स्वतःला पाहतो. पण दुसऱ्याच्या श्वासासाठी पिंजऱ्यात बसलेला पक्षी मला कुठल्या गझलेत भेटलेला नाही. खाणकामगारांना त्याची जाणीव असावी. कारण पुढे एक खास पिंजरा तयार झाला, त्याच्यावर प्राणवायूचं छोटं नळकांडं बसवलेलं असे. पक्षी पडला की पिंजऱ्याचं दार बंद करायचं, तोटी फिरवायची, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा दांडीवर बसायचा. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात असा एक पिंजरा ठेवलेला आहे. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी निवृत्त करण्याची घोषणा झाली ती तब्बल १९८६ च्या डिसेंबरात. तेव्हाही दोनशेवर पक्षी ‘नोकरीत’ होते. त्यांच्या जागी हातात धरायची विजेरी यंत्रं आली. खाणकामगारांना वाईट वाटलं म्हणतात. पक्ष्याशी शीळ घालून बोलता येतं, यंत्राशी काय बोलणार?

या हाल्डेनचा मुलगा म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन, तोही थोर शास्त्रज्ञ. १९५७ साली तो इंग्लंड सोडून भारतात आला, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत काम केलं, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. तो लहान असताना बापानं त्याला खाणीत नेलं, एका बुटक्या जागी उभं केलं आणि शेक्सपिअरच्या नाटकातलं अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. थोडं म्हणून होताच पोराचे पाय लटपटले आणि तो खाली पडला. जमिनीलगत त्याला पुन्हा नीट श्वास घेता येऊ लागला. मिथेन वायू हवेहून हलका असतो, तो छताशी साचतो, हा धडा पोराला जन्मभर पुरला. हा किस्सा लक्षात ठेवा, डबी कुठे लावायची हे ठरवताना तो उपयोगी पडेल.

आता खाणीतून घरात येऊ. एकोणिसाव्या शतकात शहरांना जो गॅस नळानं मिळे तो कोळशापासून केलेला, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड हा घटकच असे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली लागलेले गॅसचे दिवे त्याच जातीचे. ब्रिटननं १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरचा गॅस बदलून समुद्रतळाचा नैसर्गिक वायू आणला, तेव्हा नळातलं विष गेलं. पण तुंबलेलं धुराडं आणि बंद खोली यांचं काय? तो धोका तसाच राहिला.

यंत्राची गोष्ट जपानात सुरू होते. तिथे घरोघरी सिलिंडरचा गॅस पोचला तसे स्फोटही होऊ लागले. नाओयोशी तागुची या संशोधकानं १९६२ साली टिन ऑक्साइडच्या तापवलेल्या कणांचा संवेदक शोधला. ज्वलनशील वायू लागला की त्यातून वीज सहज वाहू लागते, आणि घंटा वाजवता येते. त्याच तत्त्वावर पुढे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म निघाले. अमेरिकेत तर असा एक अलार्म आला की त्यातला रसायनाचा थर हिमोग्लोबिनची नक्कल करी. वायू लागला की काळवंडायचा. आज बहुतेक चांगल्या अलार्ममध्ये विद्युत-रासायनिक घट असतो. वायू त्यातल्या विद्युतध्रुवावर जळतो आणि जेवढा वायू तेवढा बारीकसा विद्युतप्रवाह निघतो.

अमेरिकेत १९९२ साली या अलार्मसाठी पहिलं मानक ठरलं, त्याचा क्रमांक यूएल २०३४. लोकांचं लक्ष गेलं ते १९९४ च्या सप्टेंबरात. व्हिटास गेरुलायटिस हा टेनिसपटू, १९७७ चा ऑस्ट्रेलियन ओपन विजेता, वय अवघं ४०, न्यूयॉर्कजवळ मित्राच्या बंगल्यातल्या पाहुण्यांच्या घरात झोपला तो उठलाच नाही. पोहण्याच्या तलावाच्या हीटरची धूर सोडणारी नळी नीट बसवलेली नव्हती. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९९४ पासून, शिकागो शहरानं घरात असा अलार्म सक्तीचा केला. आणि मग डिसेंबरात एक गंमत झाली. गंमत म्हणायची ती आज, तेव्हा अग्निशमन दलाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हवेचा थर असा उलटा बसला की मोटारींचा धूर शहरावर झाकण घातल्यासारखा अडकला. घरोघर अलार्म किंचाळू लागले. हजारावर फोन आले. बंब धावले, आणि कुणाच्या घरात काही बिघडलेलं नव्हतं. यंत्रं खोटं बोलत नव्हती; वायू होता, पण थोडा. ती नको इतक्या लवकर ओरडत होती. लोकांनी सेल काढून टाकले तर मग खरा धोका येईल तेव्हा कोण ओरडणार?

मला या साऱ्या इतिहासात हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मानक बदललं, पुन्हा बदललं. आज त्या मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू असेल तर अलार्मनं एक ते चार तासांत वाजायचं, १५० भाग असेल तर १० ते ५० मिनिटांत, ४०० भाग असेल तर ४ ते १५ मिनिटांत. आणि ३० भाग असेल तर महिनाभर गप्प राहायचं! युरोपचं मानक, ईएन ५०२९१, जरा कडक आहे: ५० भागांना ६० ते ९० मिनिटं, १०० भागांना १० ते ४०, आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत. हे आकडे आले कुठून? हवेत किती वायू आहे आणि माणूस किती वेळ त्यात आहे, यावरून रक्तातलं किती हिमोग्लोबिन अडलं असेल याचा तो हिशेब आहे. अमेरिकन मानकात ते प्रमाण दहा टक्क्यांवर जाण्याआधी घंटा वाजावी अशी मांडणी आहे. म्हणजे ही डबी हवा हुंगते, पण हिशेब तुमच्या रक्ताचा करते. बोट टोचून थेंब तपासणारा हाल्डेन त्या डबीत बसलेला आहे.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर डबी गप्प आहे म्हणून सारं ठीक आहे असं धरू नये. त्यांच्यासाठी युरोपीय मानकाचं, आकडा दाखवणारं यंत्र बरं. अमेरिकन मानकाची अनेक यंत्रं ३० च्या खालचा आकडा दाखवतही नाहीत.

आता आपल्याकडे या. शेगडी आपल्याला नवी नाही. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शेपांची धुरी, खिडक्या बंद, दाराला पडदा. गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं. आमच्या नानीचा दंडक होता: निखारे अंगणात फुलवून, धूर संपल्यावरच आत आणायचे, दार वितभर उघडं ठेवायचं, आणि बाळंतीण झोपली की शेगडी बाहेर. ‘कोळसा झोपेचा सोबती नाही,’ असं ती म्हणायची. धूर संपला तरी निखाऱ्यातून हा वायू निघतच राहतो, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण दार उघडं ठेवणं आणि शेगडी बाहेर नेणं ही दोन्ही कामं तिनं कधी चुकवली नाहीत. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, एका हॉटेलच्या खोलीत दारं-खिडक्या लावून गॅसचा हीटर पेटता ठेवून झोपले आणि आठही गेले. थंडी अनोळखी होती आणि हीटरही.

आपल्या शहरांतला मुख्य आरोपी मात्र गॅस गिझर. माझी भाची पुण्यात भाड्यानं राहते. एकदा फोनवर म्हणाली, ‘मामू, आंघोळ करताना डोकं जड होतं. बाहेर आले की बरं वाटतं.’ मी विचारलं, गिझर कुठे आहे? बाथरूममध्येच, चार बाय सहाच्या. झरोका? थंडी येते म्हणून आधीच्या भाडेकरूनं फळी ठोकलेली. घरमालकांशी बोललो तर ते म्हणाले, ‘इतकी वर्षं चालतोय, कुणाला काही झालं नाही.’ टायलर्सटाउनच्या खाणीतही २६ जानेवारीपर्यंत हेच म्हणता आलं असतं. मी ते बोललो नाही. भाचीनं फळी त्याच दिवशी काढली, आणि महिनाभराच्या कटकटीनंतर गिझर ड्राय बाल्कनीत गेला. डोकं दुखायचं थांबलं. माझं वाचन सुरू झालं ते तिथून.

वाचताना एक पेच समोर आला. हा अलार्म बाथरूममध्ये लावायचा नसतो. वाफेनं त्याचा संवेदक बिघडतो. आणि आपल्याकडे माणसं दगावतात ती बाथरूममध्येच. दाराबाहेर लावला तर आत कडी लावून बसलेल्या माणसासाठी तो उशिरा वाजणार. म्हणजे बाथरूममधल्या गॅस गिझरवर अलार्म हा उतारा नाही. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवणं, हाच आहे. ते होईपर्यंत झरोका उघडा, आणि बादली भरून गिझर बंद केल्यावरच आंघोळ. डबी घेतली म्हणून गिझर आत ठेवू, असा सौदा कृपा करून कुणी करू नये.

मग डबी कुठे? हाल्डेनच्या पोराची गोष्ट आठवा. मिथेन हलका, तो छताशी. आपला सिलिंडरचा गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत. म्हणून त्याच्या गळतीचा अलार्म खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेइतकंच, किंचित कमी. तो सगळ्या खोलीत मिसळतो, तापलेल्या हवेबरोबर थोडा वर जातो. म्हणून जमिनीलगत लावायचं कारण नाही. शेगडी, हीटर किंवा बॉयलर असलेल्या खोलीत लावायचा तर त्या उपकरणापासून एक ते तीन मीटर दूर, भिंतीवर उंच, दार-खिडकीच्या वरच्या कडेपेक्षाही वर, पण छतापासून वितभर खाली. झोपायच्या खोलीत उशीवर डोकं असतं साधारण त्या उंचीला. एकच घ्यायचा असेल तर झोपायच्या खोलीजवळ, झोपेतून जाग येईल इतका जवळ. खिडकीच्या झोतात, पंख्याखाली, पडद्यामागे, कपाटात नको.

बाजारात या दोन अलार्मची फार गल्लत होते. ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून मिळतो तो बहुधा गळतीचा. गळतीचा गॅस तसा नाकालाही कळतो, त्यात मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो. पण जळालेल्या गॅसला तो वास उरत नाही, आणि नेमका तिथंच नाकाचा भरवसा संपतो. डबीवर ‘कार्बन मोनॉक्साइड’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे का आणि दोनपैकी एका मानकाचा क्रमांक आहे का, एवढं पाहावं. क्रमांक नसलेली स्वस्त यंत्रं पुष्कळ मिळतात. आपल्या हवेत, आपल्या वीजपुरवठ्यात, सेलवर चालणारं बरं. रंग बदलणारी चिकटपट्टीही मिळते. पण झोपलेल्या माणसाला रंग दिसत नाही.

वाजला तर आग विझवायच्या आवेशात इकडेतिकडे पळू नका. वाटेतल्या खिडक्या उघडा, गॅस बंद करा, सगळ्यांना बाहेर घ्या, माणसं मोजा. डोकं दुखत असेल, कुणी भोवळून पडलं असेल तर दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना गॅसचं नाव सांगा. नाहीतर सर्दी-पित्तावर गोळ्या मिळतील. आणि घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, बाहेर पडलं की थांबतंय, असं दिसलं तर अलार्म नसला तरी तोच अलार्म समजा.

डबीवरचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. मात्र त्यानं घंटा आणि सेल तेवढे तपासले जातात, आतला संवेदक नव्हे. त्याचं आयुष्य पाच ते दहा वर्षांचं. मग डबी बटण दाबल्यावर खणखणीत वाजते आणि वायू आला तरी गप्प बसते. बदलायची तारीख तिच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेली असते. भिंतीवर लावण्याआधी ती तारीख पुढच्या बाजूला, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी, जाड पेनानं लिहून ठेवा.